कडीची पिन

अट अण्णांनीच घातली होती. "कुणी हात लावायचा नाही. शिडाची बोट मी एकटा सज्ज करणार. एक जरी गोष्ट विसरलो, तर पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही." डॉक्टरांनी विसराळूपणाची नुसती शंका काढली, तेव्हापासून थोरल्या मुलाने बोट बंद करा म्हणून घरात धोशा लावला होता. त्याला वैतागून म्हातारा हे बोलून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अण्णांना सांगणार कोण?

थोरल्याला वडिलांची काळजी होती, असं तो भेटेल त्याला सांगे. खरं म्हणजे दर रविवारी गाडीमागे बोटीचा ट्रेलर जोडून तळ्यावर यायचं आणि वर "दोर असा गुंडाळतात का, गाढवा?" हे ऐकून घ्यायचं, याचा त्याला वीट आला होता. त्याच्या धाकट्या बहिणीला नुसती शांतता हवी होती. अशा माणसांपासून जास्त जपून राहावं.

उतारावर ट्रेलर लागला आणि अण्णा कामाला भिडले. डोलकाठीचा बुंधा बिजागरीत बसवला, खांद्याने रेटत काठी उभी केली, पुढची तार ताणून अडकवली. मग शिडाच्या वरच्या टोकाला दोराची कडी लावली, कडीची पिन पक्कडीने आवळली आणि हिसका देऊन पाहिला. कुठेही माशी शिंकली नाही.

"बघतेयस ना गं?"

"बघतेय, अण्णा. सगळं बरोबर आहे."

म्हातारा खुशीत हसला आणि शीड चढवण्याआधी लघवीला जाऊन आलेलं बरं, म्हणून काठावरच्या शेडमागे गेला.

तो वळताच थोरला बोटीत चढला. त्याने पक्कड उचलली, पिन उलटी फिरवली आणि जेमतेम शेवटच्या आट्यावर ठेवली.

"दादा, अरे काय करतोस?"

"त्यांच्याच भल्याचं करतोय. कुणाला लागणार नाही. की तुला दर रविवारी जीव मुठीत धरून बसायचंय?"

धाकटी गप्प बसली. त्यासाठी तिला फार वेळ लागला नाही.

अण्णा आले. दोर ओढू लागले तशी कप्पी कुरकुरली, शीड वर सरकत गेलं आणि वाऱ्यात फडफडायला लागलं. शेंड्याशी पोचतं न पोचतं तोच सगळं कापड धाडकन म्हाताऱ्याच्या डोक्यावर आलं. रिकामी कडी वरच लोंबत राहिली. काठावरचे दोघे-तिघे खो खो हसले, थोरलाही हसला.

अण्णा कापडाखालून चाचपडत बाहेर आले. बोटीच्या तळाशी पिन सापडली, तिचे आटे त्यांनी नखाने तपासले. ते शाबूत होते.

"असू द्या अण्णा," थोरला म्हणाला. "वयोमानाने होतं असं."

त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते मुलीकडे वळले. "मी आवळली होती ना गं?"

एक 'हो' पुरला असता. ती म्हणाली, "नाही, अण्णा. तुम्ही विसरलात."

"पण तूच म्हणालीस ना, सगळं बरोबर आहे?"

"मी? मी तर काहीच बोलले नाही."

अण्णा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मुलगी खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही येईना, मग उरलं काय? त्यांनी पिन मुकाट्याने थोरल्याच्या हातावर ठेवली. थोरल्याने दोर कसेही कोंबले, डोलकाठी दाणकन आडवी केली, तरी म्हातारा त्याला काही बोलला नाही.

घरी जाताना ते मागच्या सीटवर धाकटीशेजारी बसले. वाटेत त्यांनी तिचा हात धरला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, अण्णा."

"तुझी आई गेलीय, असं मी इतकी वर्षं धरून चाललोय," ते हळूच म्हणाले. "ती गेलीय ना गं? की तेही माझंच चुकतंय?"

आणि उत्तराची वाट बघताना त्यांच्या तोंडावर आशा होती.