टाकून दिलेलं आडनाव

माझ्या नवऱ्याचं आडनाव नेवासकर नाही. म्हणजे आता आहे. एकोणीसशे त्र्याण्णव साली राजपत्रात छापून आणलेलं. त्याआधी हे मुरलीधर कुंभार होते. लग्नानंतर आठ महिन्यांत मी दुसऱ्यांदा आडनाव बदललं आणि मग आम्ही लंडनला, हाउन्सलोला आलो. मुलाला, अंशुमनला, यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे यांनी ठरवलं आणि मी मान हलवली. नेवाशाचे म्हणून नेवासकर, एवढंच पोराला माहीत.

अंशुमन मँचेस्टरला हॉस्पिटलात फिजिओ आहे. तिथलीच एक नर्स त्याने घरी आणली, इल्झे, लाटव्हियाची. यांना कोण आनंद! ज्या देशात जातच नाही तिथली सून म्हणजे यांना लॉटरी लागली. आता कोण काय विचारणार?

मी विचारलं. मराठी बाई मी, चहा ओतायच्या आधी आडनाव विचारते.

"पोदनिएत्से," इल्झे म्हणाली. "वडिलांचं पोदनिएक्स. आमच्याकडे बायकांचं जरा वेगळं होतं."

"आणि अर्थ काय गं?"

ती खुललीच. अर्धा देश झाडापाखरांच्या नावाचा, म्हणाली. बर्झिंश म्हणजे छोटा बर्च, ओझोलिंश म्हणजे छोटा ओक, झ्विर्बुलिस म्हणजे चिमणी. दोनशे वर्षांपूर्वी हे सगळे जर्मन जमीनदारांचे वेठबिगार होते. सुटका झाली तेव्हा प्रत्येकाने आडनाव घ्यावं असा हुकूम निघाला. कुणी झाड घेतलं, कुणी पाखरू, आणि ज्याला काही सुचलं नाही त्याला कारकुनाने जे मनात आलं ते चिकटवलं.

"आमचा खापरपणजोबा मडकी करायचा. म्हणून पोदनिएक्स. पॉटर."

हे शेजारी बसून चिवडा खात होते. खायचे थांबले नाहीत, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

ती दोघं फिरायला बाहेर पडल्यावर हे स्वयंपाकघरात आले.

"तो अर्थ कुणाला सांगत बसू नकोस."

"इथे लाटव्हियन कुणाला येतंय?"

"तुला आलंच ना दहा मिनिटांत."

पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या लीलावतीताईंनी पिनरला आपल्या घरी दोघांचं केळवण केलं. ताटाभोवती रांगोळी, समई, मंडळातली वीसेक माणसं. इल्झे साडी सावरत पाटावर बसली, चांगली दिसत होती. ताईंनी वाढता वाढता इंग्लिशमध्ये विचारलं, "आडनाव काय गं तुझं? आणि त्याचा अर्थ?"

इल्झेने तोंड उघडलं, पण त्याआधी हे मराठीत बोलले. "जमीनदार. तिकडचं जुनं घराणं आहे."

"चेहऱ्यावर दिसतंच हो ते," ताई म्हणाल्या.

सगळे मराठीत कौतुक करत होते. इल्झेने अंशुमनला विचारलं, काय चाललंय. त्याने सांगितलं. तिने घास परत ताटात ठेवला.

"पण जमीनदार तर आमचे मालक होते," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग माझ्याकडे वळली. "श्यामला, तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहितीये."

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. हेही बघत होते. माझ्या हातात बासुंदीचं भांडं होतं.

"अगं, आधी बासुंदी घे," मी म्हटलं.

ती हसली नाही. नंतर तिने कुणाकडे पाहिलंही नाही.

त्यांना युस्टनहून मँचेस्टरची गाडी होती. मी पिनर स्टेशनपर्यंत सोडायला गेले. इल्झे फलाटाच्या पार त्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"आई, पॉटर असणं इतकं डर्टी आहे? बाबांना लाज वाटला?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

पाटीवर चार मिनिटं दाखवत होतं. चार मिनिटं खूप होती. तीस वर्षांची गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते, मी मनात कितीदा सांगून बघितलीय.

"पिशवीत लाडू ठेवलेत," मी म्हटलं. "गाडीत खा."

त्यानंतर चार महिने त्याचे नुसते मेसेज. बिझी आहे, नंतर बोलतो. मार्चमध्ये एका शनिवारी फोन आला. हॉस्पिटलातल्या दोन मित्रांना साक्षीदार घेऊन त्यांनी मँचेस्टरला रजिस्टर लग्न केलं होतं.

"आणि आई, मी नाव बदलला. डीड पोलने, लीगली. आता मी अंशुमन पोदनिएक्स."

"पोदनिएक्स," मी म्हणून बघितलं.

"तू अपसेट आहेस का? बट समबडी शुड बी प्राउड ऑफ इट. मडकी बनवणं इज ऑनेस्ट वर्क. तुम्हा लोकांना ते नाही समजणार."

"हो रे," मी म्हटलं. "आम्हाला कुठलं समजायला."

"डोंट बी लाइक दॅट, आई," म्हणाला आणि फोन ठेवला.

हे बाहेरच्या खोलीतून विचारत होते, काय म्हणाला म्हणून. लग्न केलं म्हणाला, एवढंच मी सांगितलं.