गिरणीचा हात

माझं अक्षर उभ्या इंदुरात नावाजलेलं. आमच्या घराण्यानं तीन पिढ्या होळकर दरबारात लेखणी चालवली. मध्यप्रदेश झाल्यावर मी ती इस्पितळाच्या केसपेपरांवर चालवू लागलो. कुणाच्या नावापुढे ‘राव’ लावायचं आणि कुणाच्या नाही, हे मला शिकवावं लागलं नाही.

परदेशीपुऱ्याच्या कापड गिरण्यांतून चिरडलेला हात आला, की मी पेपरवर लिहून ठेवी: गिरणीचा हात. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. कापा, बांधा, घरी पाठवा.

त्या सकाळी तुकोजी आला. गिरणीत तुटलेले धागे जोडणारा. उजव्या हाताची तीन बोटं यंत्राच्या पट्ट्यात सापडलेली. नव्या सर्जन भानुमतीबाईंनी पेपर वाचला.

“कृष्णराव, हे काय?”

“रिवाज आहे, बाईसाहेब.”

तुकोजी कळवळला. “बाईजी, काटू नका हो! गाठ कशी मारू मग? नौकरी गेली समझो.”

बाईंनी बोटं चाचपली. “ऊब आहे अजून. परवा एका साहेबांच्या मुलाचं बोट सायकलच्या साखळीत चेंगरलं, तेव्हा आपण तीन तास दिले ना? मग यांनाही द्यायचे. हा हात गिरणीचा नाही, यांचा आहे. खोडा ते.”

वीस वर्षांत मी खाडाखोड केली नव्हती. भयंकर राग आला. पण खोडलं.

बाई साडेचार तास टेबलाशी उभ्या होत्या. पुढे तीन महिने दर मंगळवारी त्यांनी त्याची बोटं वाकवून घेतली. तो ओरडला, की त्या त्याच्यावर ओरडत.

शेवटच्या मंगळवारी त्यांनी टाक्यांचा रेशमी दोरा कात्रीनं मधोमध तोडला. “जोडा.”

तुकोजीनं दोन्ही टोकं धरली. एक टोक निसटलं. मी खुर्चीतून कधी उठलो, मला कळलं नाही. दुसऱ्या खेपेला गाठ बसली. इतकी बारीक, की बाईंना चष्मा लावावा लागला. त्यांनी ओढून पाहिली. सुटेना.

“मला नाही येत अशी,” त्या म्हणाल्या. “पुन्हा दाखवा.”

माझी छाती अभिमानानं भरून आली. बाईंचा अभिमान, त्याचाही. मी कामावर रुजू होण्याचा दाखला लिहिला, बाईंनी सही केली.

तुकोजीनं एकेक अक्षर लावत त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि तो घाबरला. “बाबूजी, गलत झालं. तुकोजीराव तर महाराज होते. माझं ‘राव’ खोडा ना.”

“मी खाडाखोड करत नाही,” मी म्हणालो.