निरोप घेऊन राहिलेली माणसं

"हात वर करा ना पप्पा. खांद्यात घट्ट होतो का बघू दे."

भगवंत तायड्यांनी हात वर केले. सुरतेचा मे महिना, डिंडोलीतली पत्र्याची खोली आणि अंगात गुडघ्यापर्यंत येणारा लोकरीचा कोट. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, पण हात वर असल्यानं तो पुसताही येत नव्हता.

"पोलिसानं पकडल्यासारखे दिसून राहिले," रंभाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून साडीच्या पदरावर खडे चिकटवत होत्या. मार्केटातून आलेलं साड्यांचं पोटलं उद्या परत जायचं होतं. अमेरिका असो नाहीतर लंका, पोटलं कुणासाठी थांबत नाही.

निशानं फोटो काढला. सुरतेत वाढलेली ती बोलता बोलता गुजरातीत शिरायची. "आत्याला पाठवते. एकदम फॉरेनर लागो छो, पप्पा."

"काढू का आता? जीव जाऊन राहिला."

आत्या म्हणजे विशाखा, भगवंतांची धाकटी बहीण. भुसावळला नर्स होती, लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथंही नर्सच झाली. तिथली नागरिक झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते भाऊ, वहिनी आणि भाचीला बोलावून घेण्याचा अर्ज टाकण्याचं. निशा तेव्हा पहिलीत होती.

तीनेक वर्षांनी पत्र आलं. त्यात 'मंजूर' असा एक शब्द होता, आणि गल्लीला तेवढा पुरला. भगवंत तेव्हा जयंती मंडळाचे सचिव. त्यांनी राजीनामा दिला, विहाराच्या कपाटाची किल्ली मंडळातल्याच पंडितच्या हातात ठेवली. मंडळानं मांडव घातला, वरण-बट्टीचं जेवण केलं, नवराबायकोला खुर्च्यांवर बसवून शाल आणि पुष्पगुच्छ दिला. पंडितनं असं काही भाषण केलं, की स्वयंपाकाच्या बायका हातातली पातेली टेकवून रडल्या. भगवंतही रडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेले, कारण नोकरी सोडायची तेवढी राहिली होती.

पुढे महिनाभरानं कुणीतरी शिकलेल्यानं ते पत्र शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा उलगडा झाला. मंजूर झाली होती ती रांगेत उभं राहायची परवानगी.

ती रांग सरेपर्यंत निशाचं शाळा-कॉलेज उरकलं, भगवंत मिलमधून रिटायर झाले आणि विशाखाचा नवरा वारला. नळावर बायका म्हणत, "ओ अमेरिका, तुमची बादली सरकवा." रंभाबाई सरकवत. अखेर नंबर लागला तो या उन्हाळ्यात. पण मुलानं एकवीस ओलांडलं, की त्या सरकारच्या लेखी ते मूल राहत नाही. निशा सव्वीसची. तिचं नाव गळलं. आईबापांनी आधी जायचं, मग तिथून तिच्यासाठी अर्ज करायचा, की पुन्हा रांग. तोवर निशा शेजारच्या मंगलाबाईंकडे जेवणार, असं ठरलं होतं.

"मंगलाबाईंकडे काय," निशा म्हणाली होती, "मी फ्रिज आहे का, शेजारी ठेवून जायला?" सगळे हसले होते. रंभाबाई मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या होत्या.

आज विशाखाचा फोन यायचा होता. मुंबईत व्हिसाच्या मेडिकलची वेळ घ्यायची, त्यासाठी तिला होकार हवा होता. आजवरचं सगळं आपोआप घडलं होतं. हा शब्द मात्र तोंडानं उच्चारायचा होता, आणि रंभाबाईंना तो म्हणवत नव्हता. नणंदेनं वीस वर्षं धरलेला दोर आपण कसा कापायचा? आणि नवऱ्याचा तर सारा जीव तिकडे.

निशा दही आणायला गेली. भगवंतांनी कोट काढला, त्याची घडी घालायला बसले. बाही आत, मग बाहेर, मग पुन्हा आत. नुसता खेळ.

"अहो," रंभाबाई खड्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमले जायाचं आहे का हो?"

"हा काय प्रश्न झाला?"

"प्रश्नच आहे. इचारला नव्हता आजवर."

भगवंतांनी घडी मोडली. "मानसानं एकदा निरोप घेतला ना रंभा, की मग राह्याची लाज वाटते. मी विहारात मागं बसतो, पाह्यलं ना तू? पुढं बसलं का लोकं म्हनतीन, हा अजून गेला नाही का."

"मले वाटे, गुडघ्यामुळं भिंतीशी बसता."

"गुडघ्याले काय धाड भरली?"

"म्हनजे लाजेपायी चालले तुम्ही सातासमुद्रापार?"

"आन् तू?"

"मी तुमच्यापायी."

भगवंतांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर विशाखा आली. केस पार पांढरे, मागे एक छोटं स्वयंपाकघर, सकाळचं ऊन. "जय भीम दादा, जय भीम वहिनी. कोट छान बसलाय. मग मेडिकलची वेळ घेऊ ना?"

भगवंतांनी रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाईंनी हातातल्या साडीकडे पाहिलं. बोटाला गोंदासकट एक खडा चिकटला होता, तो काढता काढता त्या म्हणाल्या, "ताई, मी येत नाही."

बोलून गेल्यावर त्यांनाच दचकायला झालं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "निशाले सोडून नाही राहता यायचं मले. तुम्ही आमच्यासाठी लई केलं. मले काय बोलायचं ते बोला, पन दादाले नका बोलू."

"मले बी बोल," भगवंत पुढे सरकले. "मी बी येत नाही, इशाखा. हिच्याबिगर मी तिथं काय करू? मले तर चहा बी करता येत नाही."

विशाखा हलत नव्हती.

"रेंज गेली काय?" भगवंतांनी फोन हलवला.

रेंज गेली नव्हती. विशाखानं चेहरा ओंजळीत धरला आणि तिचे खांदे हलू लागले. मग ओंजळ बाजूला झाली. बाई हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती.

"दादा, रागावू नको हं. हे गेल्यावर मी घर विकलं, तुम्हाला सांगितलं नाही. एका खोलीत राहते मी. दुकानात एक पलंग बघून ठेवलाय तुमच्यासाठी. दर आठवड्याला जाते, मोजते, परत येते. तो ठेवला की माझं दार उघडत नाही!"

"मग सांगायचं ना गं, येडे!"

"कसं सांगू? आईला शब्द दिला होता, दादाला माझ्याजवळ नेईन म्हणून. आणि तुम्ही तिकडे निरोपसुद्धा घेऊन बसलेले. यायचं नाही म्हणून कसं सांगायचं कुणाला?"

"मायले काय ठावं, तुझं दार कुन्या बाजूनं उघडते," भगवंत म्हणाले, आणि तिघंही असे हसत सुटले, की मंगलाबाईंनी पलीकडून भिंतीवर थाप मारली.

रंभाबाईंचा जीव भांड्यात पडला. वीस वर्षं वाट पाहून ते भांडंही बहुधा कंटाळलं असावं.

निशा दही घेऊन दारात उभी राहिली. "काय झालं? कोण गेलं?"

"कोनीच नाही गेलं," रंभाबाई म्हणाल्या. "कोनीच जाऊन नाही राहिलं."

निशानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा फोनकडे. दह्याची पिशवी हातात तशीच धरून ती उंबऱ्यात बसली. "आधी बोलायचं ने यार," म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालं. मग पडद्याकडे वळून, "थँक्यू हं आत्या," असं काहीतरी पुटपुटून ती दही भांड्यात काढायला आत गेली. तिनं आत बराच वेळ घेतला.

भगवंतांनी खुंटीवरचा पांढरा शर्ट घातला. "जरा विहारात जाऊन येतो."

"पंडितले सांगायले?"

"सांगायचं काय त्यात? बसायले चाललो."

विशाखानं फोन ठेवला नव्हता. रंभाबाईंना वाटलं, आता ठेवील. पलीकडे केटली उकळत होती, ती उठून बंद करून आली, पुन्हा बसली.

"वहिनी, आता काय करणार तुम्ही?"

"काय करनार? पोटलं संपवायचं. मग खिचडी."

"मला गल्ली दाखवता का जरा?"

रंभाबाई फोन घेऊन बाहेर आल्या. दिवस मावळत होता. पायऱ्यापायऱ्यांवर बायका साड्या पसरून बसल्या होत्या, एक पोरगी धाकट्याला कमरेवर घेऊन लंगडी घालत होती. मागच्या कारखान्यातले माग खटाखट चालू होते. मंगलाबाई पुढे येऊन फोनमध्ये डोकावल्या. "कोन, इशाखा काय? अगं बाई, केस पिकले की तुझे सगळे!" आणि उत्तराची वाट न पाहता भाजीवाल्याला हाक मारत निघून गेल्या.

"बोला ना ताई."

"काही नाही. असंच धरा थोडा वेळ."

रंभाबाईंनी फोन गल्लीकडे तोंड करून धरला. त्यांना आता विशाखा दिसत नव्हती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. हात भरून आला. त्यांनी चित्र हलू न देता, अलगद, फोन दुसऱ्या हातात घेतला.