पदराची सुरळी

सुनयनाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फेब्रुवारीत आलेलं ते पत्र कपाटात शब्दकोशामागे पडून होतं. मजकूर साधाच होता. कन्नड सिनेमाच्या शूटिंगसाठी ती मे महिन्यात बेळगावला कॅम्पात येणार होती आणि निपाणीला आमच्याकडे येऊन आक्कांना, म्हणजे माझ्या बायकोला, भेटावं असं तिच्या मनात होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘अण्णा, तुम्ही ये म्हणालात तरच येईन.’

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारी नटी एका निवृत्त ग्रंथपालाची परवानगी कशाला मागेल? पुढून ती आणि मागून कॅमेरेवाले येतील, आमच्या दोन खोल्या आणि भिंतीचे पोपडे मोबाईलवर फिरतील, असं मला वाटलं. मग असंही वाटलं की माझंच मन कोतं आहे. दोन्ही वाटत राहिलं आणि पत्र तिथंच राहिलं.

सुनयना आमच्याच गल्लीतल्या भीमरत्नची मुलगी. शाळेत असताना ती वाचनालय बंद झालं की माझ्यासोबत घरी यायची. मी तिला नाटकांतले उतारे मोठ्यानं वाचायला लावायचो. शेजारी माझी बायको तानुबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असे. पुढे सुनयना कोल्हापूरच्या नाटकांतून मुंबईला गेली. बरीच वर्षं मालिकांमध्ये नायिकेच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली, दोन-तीन सिनेमांत नर्स झाली. आता चाळिशीला आल्यावर तिला मोठं काम मिळालं होतं. रोजच्या मालिकेतली केशरबाई नावाची कपटी सासू.

मार्चमध्ये एका भागात मी ते पाहिलं. केशरबाई सुनेशी गोड बोलत होती आणि पदराचं टोक अंगठ्यानं आणि दोन बोटांनी वळत होती. सून खोटं बोलली तशी बोटं थांबली.

ती तानुबाई होती. विड्यांचं काम सुटून जमाना झाला, तरी रिकामी बसली की तिची बोटं पदराची सुरळी करत असतात. समोरच्याचा संशय आला की थांबतात. त्या थांबलेल्या बोटांना मी लग्नापासून भीत आलो आहे. आणि या पोरीनं आमच्या घरात बसून ते टिपलं होतं, आणि एका दुष्ट बाईला देऊन टाकलं होतं. आता तिला घरी यायचं होतं ते आणखी काय न्यायला?

गल्लीतही लोकांच्या लक्षात आलं असावं. भाजीवाला जोतिबा वांगी तोलता तोलता म्हणाला, “अण्णा, घरातली केशरबाई बरी हाय न्हवं?” मी घासाघीस न करता वांगी घेऊन परतलो.

तानुबाईला हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. रिमोटचे सेल काढून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं. तिनं दुरुस्तीचा आग्रह धरला नाही, याचंच मला नवल वाटलं. मग ध्यानात आलं की रोज त्याच वेळेला ती वाटी घेऊन शेजारच्या रूपालीकडे जाते. कधी विरजण हवं असायचं, कधी चिंच. वाटी मात्र रिकामीच परत यायची.

एका संध्याकाळी मी मागोमाग गेलो आणि रूपालीच्या खिडकीशी उभा राहिलो. आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, समोर मालिका चाललेली, आणि पुढच्या खुर्चीत तानुबाई.

“अंगठा बघा तिचा,” तानुबाई सांगत होती. “कितीदा सांगितलं फोनवर, खाली ठेव म्हणून.”

रूपालीनं मला पाहिलं. “आक्का, अण्णा खिडकीत हायत,” ती शांतपणे म्हणाली. बायका पदर तोंडाशी घेऊन हसल्या.

घरी आल्यावर सगळं कळलं. मालिका मिळाली तेव्हाच सुनयनानं रूपालीच्या फोनवर तानुबाईला विचारलं होतं, तुमचे हात घेऊ का म्हणून. व्हिडिओवर शिकून घेतलं होतं.

“आणि तू हो म्हणालीस? अशा बाईसाठी?”

“मग काय रडक्या बाईसाठी देऊ? विड्यावाली म्हटली की रडवत्यात नुसती. केशरबाईला घर भितंय.” तिची बोटं पदर वळत होती. “मला लई आवडती ती.”

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

“तुमी आधी चार पुस्तकांत बघितलं असतं, बरोबर हाय का न्हाय.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “पत्र आलतं न्हवं तुमास्नी? ती फोनवर विचारत हुती, अण्णा रागावलेत का. मी म्हटलं, मला काय ठावं न्हाय, पोस्टात अडकलं असंल.”

“मिळालं असतं तर दाखवलं नसतं का तुला?” मी म्हणालो.

तिची बोटं थांबली.

मी उठलो आणि शब्दकोशामागून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, पुन्हा घडी घातली. पुढच्याच आठवड्यात शूटिंग सुरू होणार होतं. फोन करा, असं तिनं सांगितलं. फोनवर मला सुचत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

त्या रात्री मी उत्तर लिहिलं. पहिल्या कागदावर ‘कॅमेरा आणू नकोस’ असं लिहिलं आणि तो फाडला. दुसऱ्यावर इतकंच लिहिलं, ‘ये. आक्का म्हणते अंगठा खाली ठेव. समोर बसून दाखवील.’ सकाळी पोस्टात जाऊन ते स्पीड पोस्टनं पाठवलं.