ट्रेबलचं बटण

सिद्धाप्पा सोलापुरातल्या गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारा मुकादम होता. पन्नाशीला आल्यावर त्यानं हौसेनं रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्याच्या दोन स्पीकरच्या पेट्या सात रस्त्याजवळच्या महबूब रेडिओवाल्यानं स्वतः बांधल्या होत्या. दुकानात भजन असं वाजलं की सिद्धाप्पा उभ्या उभ्याच डोलू लागला. घरी मात्र त्याची बायको ईरम्मा म्हणाली, "रांजणात तोंड घालून कोण गातंय हे?"

रविवारी महबूब घरी आला. पेट्या दोन कोपऱ्यांत खेटून बसवलेल्या पाहून हसला. "कोपऱ्यात जाड आवाज फुगतो, वैनी." त्यानं दोन्ही पेट्या हातभर पुढं ओढल्या. मृदंग मोकळा झाला.

मग खरी जुंपली. सिद्धाप्पानं बारीक आवाज वाढवायचं ट्रेबलचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

"अवो, कानात सुई घातल्यागत होतंय!" ईरम्मानं ते निम्म्यावर आणलं.

"आता गोधडीखालनं गातोय," म्हणत सिद्धाप्पानं परत वाढवलं.

चहा पिता पिता महबूबनं विचारलं, "अण्णा, झांज ऐकू येती का?"

"कुटली झांज?"

ईरम्मा चमकली. तिनं नवऱ्याच्या पाठीमागं जाऊन बांगड्या किणकिणवल्या. तो वळला नाही.

"मागांच्या खडखडाटात कान गेले, की बारीक आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात," महबूब हळूच म्हणाला.

"आन् मला वाटायचं, हे मुद्दाम करत्यात!" ईरम्मा म्हणाली. "बांगड्या वाजवून किती वेळा जेवायला बोलावलं असंल!" मग तिनं स्वतःच बटण शेवटपर्यंत फिरवलं. "हे असंच राहू द्या. मी कुटं बसू, ते सांगा."

"बारीक आवाज समोर जास्त जातो. बाजूला त्याची धार कमी होती," महबूब म्हणाला.

ईरम्मा शेंगा निवडायचं सूप घेऊन भिंतीकडेनं सरकत गेली. थांबायची, ऐकायची, पुन्हा सरकायची. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा चेहरा खुलला. "हितं झ्याक लागतंय."

सिद्धाप्पाला महबूबनं दोन पेट्यांच्या बरोबर समोर बसवलं. तो मान कलती करून ऐकत राहिला आणि एकदम गुडघ्यावर थाप मारून ओरडला, "अगं, झांज हाय की ह्यात!"

"पहिल्यापास्नं हाय," ईरम्मा हसत म्हणाली.

महबूबला घरी जायची घाई होती. पण सिद्धाप्पानं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि सुई उचलून रेकॉर्ड परत सुरुवातीपासून लावली.