पांढऱ्या कोटाला नकार

हर्लिंगचे नियम थोडक्यात सांगायचे तर हातात लाकडी दांडकं घेऊन चेंडूला मारायचं आणि माणसांना मारायचं नाही. यातला दुसरा भाग आयरिश लोक फारसा मनावर घेत नाहीत. दांडक्याला हर्ली म्हणतात. चेंडू कातडी, टणक, क्रिकेटच्या चेंडूचा चुलतभाऊ. जाळीत गेला की गोल, दोन खांबांमधून वरून गेला की पॉइंट. बाकीचे नियम कळायला आयर्लंडमध्ये जन्म घ्यावा लागतो.

प्रबोध जन्मला होता डोंबिवलीत. तरी गेली सहा वर्षं तो सिंगापूरच्या एका हर्लिंग क्लबाचा गोलकीपर होता. त्याची निवड गुणवत्तेवर झाली, असा आरोप कोणी करू शकत नव्हतं. हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीत त्याच्या शेजारी बसणारा फिन्टन एका शुक्रवारी म्हणाला, "उद्या आम्हाला एक माणूस कमी पडतोय. तू नुसता उभा राहशील का?"

नुसतं उभं राहण्याचा प्रबोधचा अनुभव दांडगा होता. शाळा, कॉलेज आणि पहिली नोकरी, तिन्ही ठिकाणी क्रिकेट संघात तो बारावा खेळाडू होता. त्याने पाणी नेलं, ग्लोव्हज नेले, एकदा कॅप्टनच्या आईने पाठवलेला डबाही नेला. कॉलेजच्या मासिकात संघाचा फोटो आला तेव्हा जागेअभावी कडेचा भाग कापला होता. त्या भागात प्रबोध होता.

इथे संघ सातांचा आणि आयरिश सहाच. प्रबोध उभा राहिला, चेंडू त्याच्या बरगडीवर आपटला आणि आत गेला नाही. "पुढच्या शनिवारीही ये," फिन्टन म्हणाला. बरगडी महिनाभर दुखली, पण प्रबोधला खेळायला पुन्हा बोलावणारा तो जगातला पहिला माणूस होता.

घरी कौतुक बेताचंच होतं. "या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात," त्याची बायको अनघा पाहुण्यांना सांगायची. "आमचा हेल्मेट घालतो." आणि वल्लरीचं, म्हणजे लेकीचं, सिंगापुरी इंग्रजीतलं म्हणणं, "बाबा, सगळ्यांचे डॅड बॅडमिंटन खेळतात, लाह. व्हाय यू सो लाइक दॅट?"

यंदा मात्र तांजोंग पगारच्या एका बँकेत आयर्लंडहून बदलीवर ताजी पोरं आली. चालायच्या आधी हर्ली धरायला शिकलेली. त्यातला एक चक्क गोलकीपर निघाला.

वार्षिक स्पर्धेच्या आठवड्यात फिन्टन प्रबोधच्या टेबलाशी आला. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक पांढरा कोट आणि दोन झेंडे, हिरवा आणि पांढरा. हर्लिंगमध्ये खांबाशेजारी कोट घातलेला पंच उभा असतो. गोल झाला की हिरवा झेंडा, पॉइंट झाला की पांढरा.

"आमच्याकडे हा मोठा मान असतो," फिन्टन म्हणाला.

"आमच्याकडेही असतो. बारावा खेळाडू म्हणतात त्याला."

फिन्टनला ते कळलं नाही. पण तो मुळात सज्जन असल्याने त्याने आणखी मीठ चोळलं. "खरं सांगू? तुझी पकड पहिल्यापासून चुकीची आहे. उजवा हात वर हवा. तू क्रिकेटसारखा डावा वर धरतोस."

"सहा वर्षांत बोलला नाहीस."

"सहा वर्षं दुसरं कोणी नव्हतं ना."

संध्याकाळी क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये अनघाने कोट पाहिला. "डेंटिस्ट झालास?"

त्याने सांगितलं. तिने कोट परत पिशवीत कोंबला.

"मग जाऊ नकोस."

"जाणार."

"कोट घालून?"

"ते अजून ठरलं नाही," प्रबोध म्हणाला आणि हर्ली बॅगेत भरली. सकाळी बॅग उचलली तर जड लागली. आत हेल्मेट होतं. ज्या बाईने सहा वर्षं त्या हेल्मेटला नावं ठेवली, तिनेच ते पुसून ठेवलं होतं.

"राहू दे," अनघा म्हणाली. "कोटावर शोभेल. आणि आज आम्हीही येतोय."

मैदानावर पहिलाच सामना सीमेपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरच्या संघाशी. त्यांचे सहाच जण पोचले होते. गोलकीपर बसमध्ये, बस दोन देश जोडणाऱ्या कॉजवेवर, आणि कॉजवे शनिवार सकाळ असल्याने जागच्या जागी. त्यांचा कॅप्टन गुणाळन हा तिथल्या शाळेत खेळाचा शिक्षक. एक आयरिश सहकारी मायदेशी जाताना दांडकी मागे ठेवून गेला, तेवढ्यावर यांनी संघ उभा केला होता.

पाहुण्यांना माणूस कमी पडला तर यजमानांनी द्यायचा, हा परदेशातल्या हर्लिंगचा जुना रिवाज. फिन्टनने राखीव पोरांकडे पाहिलं. पोरांनी बुटांकडे पाहिलं. हरणाऱ्या संघात जायला कोणाला हौस असते?

प्रबोधने कोटाची घडी घालून ती फिन्टनच्या हातात ठेवली. "मी जातो."

"तू? मग झेंडे कोण हलवणार?"

"तुझ्याकडे आता भरपूर माणसं आहेत."

गुणाळनने त्याला लाल जर्सी दिली. ती मूळ गोलकीपरच्या मापाची असल्याने प्रबोधच्या गुडघ्यांपर्यंत आली. "अण्णे," तो तमिळमध्ये दादाला म्हणतात तसं म्हणाला, "गोलमध्ये उभे राहाल ना?"

"तेवढंच येतं."

पहिल्या अर्ध्या डावाचं वर्णन टाळलेलं बरं. चेंडू आत जात राहिला. प्रत्येक गोलनंतर फिन्टन 'सॉरी' म्हणत होता, त्याचाच जास्त राग येत होता. कोट शेवटी बँकेतल्या एका राखीव पोराला घालावा लागला होता, आणि त्याचा हिरवा झेंडा काही खाली राहत नव्हता.

मध्यंतरात अनघा जाळीमागे आली. "असं काय धरलंयस ते? घरी कॉरिडॉरमध्ये भिंतीवर चेंडू मारतोस तेव्हा असं धरत नाहीस."

"हे बरोबर आहे. उजवा हात वर."

"मग चुकीचं धर."

प्रबोधने हात बदलले.

त्यानंतरही गोल झाले, नाही असं नाही. पण चार-पाच चेंडू अडले, आणि जोहोरवाले प्रत्येक अडलेल्या चेंडूला कप जिंकल्यासारखे ओरडू लागले. अगदी शेवटी फिन्टनच्या संघाला पेनल्टी मिळाली. सामना केव्हाच खिशात होता. फिन्टनने चेंडू वरून मारून सोडून दिला असता तरी चाललं असतं. पण त्याने सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः उभा राहिला.

"बाबा, डोंट डाय, लाह!" वल्लरी ओरडली.

फिन्टनने चेंडू उचलला आणि कचकचून मारला. कोटवाल्या पोराने हिरवा झेंडा अर्धा वर नेलासुद्धा. प्रबोधने डावा पाय पुढे टाकला, डावं कोपर उंच केलं, हात सैल सोडले आणि डोंबिवलीच्या नेट्समध्ये वर्षानुवर्षं घोटलेला, पण कुठल्याही सामन्यात वापरायला न मिळालेला डिफेन्स खेळला. चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि तिथेच निजला.

कोणी टाळी वाजवली नाही. असं काही त्या खेळात कोणी पाहिलं नव्हतं. झेंडा हळूच खाली आला.

"हे हर्लिंग नाही," फिन्टन म्हणाला.

"नाही," प्रबोध म्हणाला. "पण गोलही नाही."

जोहोर सणकून हरलं. शिट्टी वाजताना त्यांचा खरा गोलकीपर बसमधून उतरून धापा टाकत आला. प्रबोध जर्सी काढू लागला, तसा तो दोन पावलं मागे सरकला. "ठेवा, अण्णे, ठेवा. मला पुढेच खेळायचं होतं. गोलमध्ये कोणीच जात नव्हतं म्हणून मी."

"पुढच्या महिन्यात क्वालालंपूर," गुणाळन म्हणाला. "येणार?"

"येणार."

पलीकडे फिन्टन कोट हातात घेऊन उभा होता. दुपारच्या सामन्यालाही पंच लागणार होता. प्रबोधने त्याच्याकडे पाहून हात हलवला. डावा.

मग जोहोरवाले फोटोला जमले. प्रबोध सवयीने कडेला जाऊन उभा राहिला. थोडा थांबला. मग सरळ चालत मधोमध गेला आणि हर्ली रोवून ठाण मांडून उभा राहिला. गुणाळनला सरकत पार कडेला जावं लागलं.

आता फोटोतून कोणाला कापायचंच असतं, तर कॅप्टनला कापावं लागलं असतं.