गेटवरच्या फळ्याचा आकडा

मॅनेजरनं जखमी कामगाराला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, असं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, वा, देवमाणूस! सत्यमही तेच म्हणाला असता. पण गाडी कामगार विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, दवाखान्याऐवजी भलत्याच खासगी दवाखान्याकडं वळली, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

वाळूजच्या त्या कारखान्यात सत्यम सेफ्टी विभागाचा कारकून होता. रोज सकाळी गेटवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ या शब्दांपुढं आकडा लिहायचा, हे त्याचं काम. दर शंभर दिवसांनी कँटीनमध्ये जिलबी असे. ती हुकू नये म्हणून कामगार बोट कापलं तरी रुमाल गुंडाळून मशीनपुढं उभे राहत. सत्यम ते पाहून न पाहिल्यासारखं करी. जिलबी तोही खायचाच की!

त्या दिवशी फळ्यावर चारशे शहाण्णव होते, आणि फुलंब्रीहून येणाऱ्या पुंडलिकची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली.

संध्याकाळी मॅनेजर शिवराज सरांनी सत्यमला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, वर बिस्किटं. सहा वर्षांत सत्यमला त्या केबिनमध्ये साधं पाणी मिळालं नव्हतं.

“पुंडलिक आज रजेवर होता,” सर म्हणाले. “घरी कडबा कापताना हात गेला. साक्षीदार म्हणून तू या कागदावर सही कर. दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल. शेवटी माणुसकी आहे ना!”

“उद्या देतो, सर,” म्हणून सत्यमनं कागद घडी करून खिशात टाकला. एवढी माणुसकी आजच कशी उतू चालली, हे काही त्याला कळेना.

बजाजनगरात त्याच्या शेजारी कडुबाकाका राहत. त्याच कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. कंपनीनं जुन्या कामगारांना थोडे शेअर दिले होते, त्यामुळं काकांकडं दरवर्षी कंपनीचा अहवाल यायचा. काकांनी सत्यमचं सगळं ऐकून घेतलं आणि अहवालाचं एक पान काढून पुढं केलं.

“वाच. मोठ्या साहेबांचा पगार कसा ठरतो ते.”

सत्यमनं वाचलं. वर्षभरात एकही अपघात नोंदला गेला नाही, तर एमडींना पगारावर घसघशीत बोनस. कारखान्याच्या मॅनेजरलाही त्याच अटीवर.

“मग चांगलंच की, काका! अपघात होऊ नयेत म्हणूनच ठेवलंय हे.” काकांची युनियनच्या काळातली खुन्नस बोलतेय, असंही त्याला वाटून गेलं.

“पुन्हा वाच. झाला नाय तर, का नोंदला नाय तर?”

सत्यमनं ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. ‘नोंदला’ असंच होतं.

“मशीनला जाळी बसवायची म्हंजे लई खर्च. कागदावर रजा लिव्हायला एक चहा पुरतो. साहेब काय राक्षस नाय रं. पैसा ज्याचा मिळतो, तेच माणूस करून दाखवतो. पण पुंडलिकचं काय? नोंद नाय तर ईएसआयची पेन्शन नाय. जन्मभर त्यानं काय जिलबीवर जगायचं व्हय?”

“माझी नोकरी गेली तर?”

“जाईल बी. खोटा धीर नाय देत. पण उद्या तुझा हात गेला, तर तुझ्या रजेच्या कागदावर कोण सही करंल, तेवढं सांग.”

सत्यमनं खिशातला कागद काढला आणि सही न करताच पुन्हा घडी घातली. त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी लवकर जाऊन त्यानं अपघाताची खरी माहिती ईएसआयला पाठवली. मग तो गेटवर आला. पहिली पाळी आत शिरत होती. शिवराज सर गाडीची काच खाली करून म्हणाले, “चारशे सत्त्याण्णव लिही.”

सत्यमनं फळा पुसला आणि लिहिलं, शून्य!

पाळी जागच्या जागी थांबली. मग वेल्डिंगचा कचरू पुढं आला. त्यानं हाताचा रुमाल सोडला. तळहातावर चार दिवसांची भाजल्याची जखम होती.

“माझं बी लिव्हा, सत्यमसाहेब.”

त्याच्यामागं आणखी तिघांनी रुमाल सोडले.

दहा वाजता सत्यमला केबिनमधून बोलावणं आलं. या वेळी चहा नव्हता. तरी तो ताठ मानेनं गेला.

वाचकहो, मोठ्या साहेबांना किती मिळतं हे ऐकून आपण डोळे विस्फारतो, बोटं मोडतो आणि विसरून जातो. खरा प्रश्न वेगळाच आहे. ते कशाबद्दल मिळतं, हे विचारा! आणि त्यासाठी कोणी तुमची सही मागत असेल, तर आधी बघा, रुमालाखाली कोणाचा हात आहे.